मोजणीचा उत्पादन खर्च



कापसाचा हमीभाव कसा काढतात हे आपल्याला आता पाठ झाले आहे. २०१८ पासून सरकार 'दीडपट' म्हणते, पण ती रोखीचा खर्च अधिक घरची मजुरी यांची दीडपट. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचे व्याज त्यात धरलेले नाही. कागदावर जो खर्च धरला नाही तो नाहीसा होत नाही, तो आपल्या अंगावर पडतो. जमिनीच्या हवाई मोजणीचेही तसेच होऊ शकते, म्हणून आज हा विषय घेतला.

गावठाणावर ड्रोन फिरलेला बहुतेकांनी पाहिला असेल. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना जाहीर झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत तर त्याआधीच प्रयोग झाला होता. देशातल्या ६.६२ लाख गावांसाठी ५६६.२३ कोटी रुपये धरले. भागाकार करा, गावाला सुमारे साडेआठ हजार रुपये येतात. २०२५ साली शहरांसाठी नक्शा योजना निघाली. तिथे सुमारे ४,१४२ चौरस किलोमीटरला १९४ कोटी, म्हणजे एकरी जवळजवळ १,९०० रुपये. एक हिशेब गावावर, दुसरा क्षेत्रावर. गावठाणात घराची भिंत वरून दिसते. शिवाराची पाळी येईल तेव्हा यातला कोणता दर लावणार?

सरसकट एकरी दर लावला तर काय होईल, ते आंदर मावळात चांगले कळते. मावळ तालुक्यातले हे आंद्रा नदीचे खोरे, टाकव्यापासून वर कुसूर घाटापर्यंत. पाऊस दांडगा, पीक भाताचे. तुमच्या काळ्या सपाट रानाशी त्याचे काही जुळत नाही, आणि म्हणूनच उदाहरण उपयोगाचे.

ड्रोनच्या फोटोंवरून नकाशा करायचा तर प्रत्येक फोटो पुढच्यावर ७०-८० टक्के आणि बाजूच्यावर ६०-७० टक्के चढावा लागतो. ड्रोन एकाच उंचीवर सरळ उडाला तर डोंगराचा माथा त्याच्या जवळ येतो आणि तिथे फोटो पुरेसे चढत नाहीत. फेऱ्या वाढवाव्या लागतात. बारीक बांध दिसावा म्हणून १२० मीटरचे उड्डाण ६० मीटरवर आणले की तेवढ्याच क्षेत्राला चौपट फोटो लागतात. झाडीखालची जमीन फोटोत येत नाही. मधोमध ठोकरवाडीचे पाणी (धरण १९२२ चे, पाणी जाते खाली भिवपुरीच्या वीजघराला), आणि नुसत्या पाण्याचे फोटो एकमेकांशी जुळत नाहीत, कारण जुळवायला खूणच नसते. काठाला माणूसच उभा करावा लागतो.

तरीही उड्डाण हा या कामातला स्वस्त भाग आहे. महाग आहे ते जमिनीवरचे. चुन्याच्या खुणा करायच्या, त्यांची जागा नि उंची उपकरणाने घ्यायची, मग बांधावर जाऊन विचारायचे. कॅमेऱ्याला बांध दिसतो, तो कोणाचा हे दिसत नाही. एका गटात तीन भाऊ, सातबाऱ्यावर तिघांची नावे, नकाशात पोटहिस्सा नाही. तिघांना एका दिवशी आणायचे, जबाब घ्यायचे, हरकत ऐकायची. आंदर मावळात एक भाऊ तळेगावच्या कारखान्यात, एक मुंबईत. त्यांचा बुडालेला रोज कोणाच्या अंदाजपत्रकात आहे? तुमच्याकडे धुरा कोरला म्हणून भावकीत कोर्टकचेऱ्या चालतात. तो कोरलेला धुरा फोटोत अगदी स्वच्छ उमटेल आणि कोरणाऱ्याच्या बाजूचा पुरावा होऊन बसेल.

कंत्राट एकरावर दिले की कंत्राटदार उड्डाण उरकणार आणि चौकशीला कात्री लावणार. त्यात त्याची चूक काय? दर तसाच बांधला आहे. मग चुकलेला नकाशा दुरुस्त करायला आपण स्वतंत्र मोजणीची फी भरायची आणि तारखा घ्यायच्या. मावळात वर आणखी धोका, जमिनीला बंगल्याचे गिऱ्हाईक आहे. हद्द संशयात असली की तो भाव पाडून मागतो.

आमचा ड्रोनला विरोध नाही. साखळीने मोजायला महिने लागतात ते काम दिवसात होत असेल तर हवेच आहे. पण अंदाजपत्रकाचे तीन भाग वेगळे करून ग्रामसभेत मांडा असे आम्ही म्हणतो. यंत्रणा गावात आणण्याचा ठोक खर्च, क्षेत्रावरचा उड्डाण आणि फोटो जुळवण्याचा खर्च, आणि खातेदार व पोटहिस्से मोजून काढलेला चौकशीचा खर्च. तिसऱ्या भागाला एकरी दर लावलाच तर आम्हाला तो मान्य नाही. दहा एकरांत एक खातेदार असेल तिथे आणि दहा एकरांत बारा असतील तिथे काम सारखे कसे?

आणि महिना लिहून घ्या. आंदर मावळात भात निघाल्यावर, डिसेंबर ते मे. तुमच्याकडे पऱ्हाटी उपटून आणि ज्वारी काढून झाल्यावर, म्हणजे एप्रिल-मेच. उभ्या कपाशीत धुरा शोधायला पाठवलेला ड्रोन परत येईल, पण त्याचे बिल निघालेले असेल.