बायकोच्या नावाचं कार्ड

मैत्रिणींनो, मागे मिक्सरच्या गॅरंटीवर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणींची पत्रं आली. त्यांतल्या तिघीचौघींनी भलतंच विचारलं होतं. "मुलगा ॲपलच्याच फोनसाठी हटून बसलाय. लाखाच्या घरात किंमत. त्यात असं असतं तरी काय?" उत्तर लिहायला बसले आणि नेमका त्याच संध्याकाळी न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिची अडचण त्याच कंपनीची, पण फोनची नव्हे, क्रेडिट कार्डाची. म्हटलं, दोन्हींचा समाचार एकदमच घेऊ.

आधी दुकान. ॲपलची पहिली दोन दुकानं अमेरिकेत १९ मे २००१ ला उघडली. आपल्याकडे वांद्रे-कुर्ला संकुलात १८ एप्रिल २०२३ ला पहिलं दुकान उघडलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्याला कोरेगाव पार्कातही आलं. मी मुंबईचं पाहून आले. खरं सांगू? आवडलं. फोन, संगणक सगळं लाकडी टेबलांवर मांडलेलं. हातात घ्या, दाबून बघा, कोणी हटकत नाही. "घ्यायचंय की नुसतं बघायचंय?" हा प्रश्न आपण साड्यांच्या दुकानापासून भांड्यांच्या दुकानापर्यंत ऐकलेला असतो, तो इथे ऐकू आला नाही. तिथल्या विक्रेत्यांना विक्रीवर कमिशन नसतं, त्याचाही हा परिणाम असावा. मात्र दुरुस्तीसाठी आधी वेळ ठरवून जाणं बरं, आणि गॅरंटी संपल्यावर काच फुटली तर आकडा ऐकून खुर्चीत बसावं लागतं, ही वापरणाऱ्यांची जुनी कुरकूर आहे.

वस्तूंबद्दल लोकांचं मत साधारण असं, की वर्षानुवर्षं टिकतात आणि जुनी झाली तरी पैसे येतात. पण २०१७ चा डिसेंबर लक्षात ठेवा. जुन्या आयफोनची बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण त्याचा वेग कमी करतो, असं कंपनीने तेव्हा कबूल केलं. हेतू चांगला असेलही. पण गिऱ्हाइकाला न सांगता? फोन मंद झाला म्हणून कितीतरी लोकांनी नवा घेतला असेल, काम बॅटरी बदलून भागलं असतं. ओरड झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनींनो, घरातला जुना फोन रेंगाळत असेल तर मुलाला आधी सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत बघायला सांगा. नव्याचं मग बघू.

आता कार्ड. हे ॲपल कार्ड २०१९ मध्ये अमेरिकेत निघालं. पैशाची बाजू गोल्डमन सॅक्स या बँकेकडे होती. आपल्याकडे ते मिळत नाही, पण भाचीसारख्या तिकडे गेलेल्या आपल्या मुलींपुढे ते येतं. वार्षिक फी नाही, उशीर झाला तर दंड नाही (व्याज मात्र चढतंच, त्यात फसू नका), आणि ॲपलच्या खरेदीवर शंभराला तीन डॉलर परत. कार्ड टायटॅनियम धातूचं, पांढरंशुभ्र, त्यावर नंबरसुद्धा छापलेला नाही. ते चामडं आणि जीन्सच्या कापडाने डागाळू शकतं, अशी सूचना खुद्द कंपनीनेच दिली होती! पाकीट चामड्याचं, खिसा जीन्सचा. आता ठेवायचं कुठे, मलमलीत गुंडाळून?

पण लोक खूश होते. २०२१ च्या जे. डी. पॉवरच्या ग्राहक पाहणीत मध्यम आकाराच्या बँकांच्या गटात हे कार्ड पहिलं आलं.

आणि तरीही याच कार्डावरून नोव्हेंबर २०१९ मध्ये तिकडे केवढा गदारोळ उठला होता! डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन नावाच्या संगणक-व्यावसायिकाने जाहीर तक्रार केली, की नवराबायको आम्ही आयकर एकत्र भरतो, तरी मला बायकोच्या वीसपट उधारीची मर्यादा. स्टीव्ह वॉझ्नियाक, म्हणजे ॲपलच्या संस्थापकांपैकी एक, म्हणाले की आमची खाती सामाईक आहेत, तरी मला पत्नीच्या दसपट मिळाली. घरच्याच माणसाने असं म्हटल्यावर न्यूयॉर्कच्या सरकारी खात्याने चौकशी लावली. मार्च २०२१ मध्ये निकाल आला. स्त्री म्हणून बेकायदा भेदभाव केल्याचा पुरावा मिळाला नाही. निर्णय कसे होतात हे ग्राहकांना नीट सांगितलं जात नाही, असे ताशेरे मात्र ओढले.

मैत्रिणींनो, त्या अहवालातली एक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. घर एक, तिजोरी एक, म्हणून पतही एकच असेल ही आपली समजूत. कर्ज देणारा तसं बघत नाही. तो प्रत्येकाचं स्वतंत्र दप्तर उघडतो. घरकर्ज नवऱ्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, आणि बायको त्याच्या कार्डावर नुसती वापरकर्ती असेल, तर तिचं दप्तर कोरंच राहणार. अमेरिकेत १९७४ साली कायदाच झाला, की स्त्री आहे किंवा विवाहित आहे या कारणावरून कर्ज नाकारता येणार नाही. त्याआधी बँका सर्रास नवऱ्याची सही मागत. सही गेली, पण कोरं दप्तर अजून आहेच.

भाचीचं नेमकं हेच झालेलं. नवऱ्याच्या व्हिसावर गेली, चार वर्षं घर सांभाळलं, आता नोकरी लागली. नवरा म्हणतो, माझ्याच ॲपल कार्डात सहमालक हो. ही सोय २०२१ मध्ये निघाली. मी तिला म्हटलं, "अगं, सहमालक आणि नुसती सहभागी यांत फरक आहे, तो आधी समजून घे. सहमालक झालीस तर तुझ्याही नावाची पत तयार होते, हे चांगलं. पण त्याने केलेल्या खर्चाचं देणंही तुझ्या डोक्यावर येतं, आणि तुमचे दोघांचे खर्च एकमेकांना दिसतात."

"मावशी, दिसू देत की! माझं काय लपवायचंय?"

"लपवायचं नसतं गं. पण आईला पाठवलेल्या दोनशे डॉलरचा दर वेळी खुलासा करायला आवडेल का तुला?"

ती हसली आणि गप्प झाली. मग तिला सांगितलं, आधी स्वतःच्या एकटीच्या नावाने अर्ज करून बघ. किती मर्यादा आणि काय व्याज ते आधी दाखवतात, आणि तू हो म्हणेपर्यंत पतीच्या आकड्याला धक्का लागत नाही. जमलं नाही तर सहमालकी आहेच. आणि हप्त्यांवर फोन घेशील तर "बिनव्याजी" हा पर्याय स्वतः निवडलाय ना, ते दोनदा बघ. ॲपल कार्डावर घेतलं की आपोआप व्याज लागत नाही असं समजून लोक बसले आणि व्याज भरत राहिले. शिवाय ग्राहकांच्या हजारो तक्रारी बँकेपर्यंत पोचवल्याच गेल्या नव्हत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने ॲपलला अडीच कोटी डॉलर आणि बँकेला साडेचार कोटी डॉलर दंड केला, ग्राहकांची भरपाई वेगळी.

आपल्याकडच्या "नो कॉस्ट" हप्त्यांचंही तसंच. बहुतेकदा व्याजाइतकी सूट आधी देतात आणि मग व्याज लावतात. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क आपल्याच पदरात. रोख घेतलं तर किती, हे आधी विचारा.

हे सगळं अमेरिकेचं पुराण म्हणून पान उलटू नका. आमच्या शेजारच्या काकूंची गोष्ट सांगते. काकांच्या कार्डावर त्यांना जोडकार्ड होतं, ॲड-ऑन म्हणतात ते. अठरा वर्षं बिल काकूच वेळेवर भरायच्या, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून. काका गेले आणि पंधरा दिवसांनी औषधाच्या दुकानात कार्ड चालेना. बँक म्हणाली, मूळ कार्डधारक नाहीत, म्हणजे कार्ड नाही. स्वतःच्या नावाने अर्ज केला तर, तुमची पतनोंद नाही. अठरा वर्षांचा चोखपणा जमा झाला होता तो काकांच्या नावावर.

तुमच्या नावावर काय आहे ते बघायला पैसे पडत नाहीत. सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पॅन नंबर घेऊन बसा आणि मागवा. कोरा निघाला तर मुदत ठेवीवर कार्ड देणाऱ्या बँका आहेत. ठेव तुमच्या नावाची, व्याज चालू, आणि तिच्या काही टक्क्यांपर्यंत मर्यादा. त्यावर थोडी खरेदी करायची आणि पूर्ण बिल वेळेवर भरायचं, "किमान रक्कम" नव्हे.

काकूंनी तेच केलं. पन्नास हजारांची ठेव मोडायला निघाल्या होत्या, ती तशीच ठेवून तिच्यावर कार्ड घेतलं. गेल्या महिन्यात पहिलं बिल आलं, ते मला दाखवायला घेऊन आल्या. चारशे बारा रुपयांचं होतं, रक्तदाबाच्या गोळ्यांचं.