अठरा मिनिटांत सीमाभाग

सीमाभागातील मराठी माणसाला व्यासपीठ नवे नाही. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करताना, १ नोव्हेंबरला काळा दिन पाळताना, गावोगावच्या व्याख्यानमालांत आणि साहित्य संमेलनांत आपण बोलत आलो, ऐकत आलो. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. बॅ. नाथ पै यांनी १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत भाषण केले आणि दुसऱ्याच दिवशी याच गावात त्यांचे निधन झाले. शब्दांवर एवढा विश्वास टाकणारा प्रदेश विरळाच.

तरीही एक प्रश्न आम्हांला बरेच दिवस अस्वस्थ करतो आहे. ही सारी भाषणे आपण कोणासमोर केली? बहुतांशी आपल्याच माणसांसमोर. श्रोत्याला इतिहास ठाऊक असतो, दुःख ठाऊक असते, टाळी कुठे द्यायची हेही ठाऊक असते. ज्याला सीमाप्रश्न हा शब्दच माहीत नाही, ज्याला मराठी येत नाही आणि ज्याचे आपल्याशी वैरही नाही, अशा माणसासमोर उभे राहून आपण काय सांगणार? या प्रश्नाला आम्ही सामोरे गेलो ते एका अर्जामुळे. तो अनुभव वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

गेल्या चार दशकांत विचारपरिषद नावाचा एक नवा सभाप्रकार जगभर रूढ झाला आहे. त्यांतील सर्वांत परिचित नाव टेडचे. १९८४ साली कॅलिफोर्नियात तिची पहिली परिषद भरली. २००६ पासून तिथली भाषणे महाजालावर विनामूल्य पाहता येऊ लागली आणि २००९ पासून टेडेक्स या नावाने गावोगावच्या संयोजकांना परवाना घेऊन अशा परिषदा भरवता येऊ लागल्या. त्याच वर्षी टेडची भारतातील परिषद म्हैसूरला झाली, म्हणजे आपल्यापासून फार दूर नव्हे. या व्यासपीठाचे नियम थोडके आहेत. भाषण अठरा मिनिटांपलीकडे जाऊ नये. त्यात एकच मध्यवर्ती विचार असावा. मंचावरून माल विकू नये. पक्षाचा वा पंथाचा प्रचार करू नये. टेडेक्सच्या वक्त्याला मानधन मिळत नाही आणि बोलण्यासाठी त्याच्याकडून पैसेही घेता येत नाहीत. कोणी ‘शुल्क भरा, मंच मिळेल’ म्हणाले, तर तिथूनच परतावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळींनी एका मोठ्या शहरातील अशाच एका परिषदेकडे अर्ज धाडला. अर्जातील पहिलाच प्रश्न होता : तुमचा विचार दोन वाक्यांत सांगा. आम्ही दोन पाने भरली. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १७ जानेवारीचा गोळीबार, महाजन आयोग, १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन आणि त्यातील हुतात्मे, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, असे सारे क्रमवार मांडले. एकही तारीख चुकू दिली नाही. उत्तर आले ते तीन ओळींचे. विषय गंभीर आहे. परंतु यात मागणी आहे, विचार दिसत नाही. आमच्या मंचावर राजकीय प्रश्न घेता येत नाहीत.

आम्ही संतापलो. ज्यांच्या घरावर कधी दुसऱ्या लिपीतली नोटीस आली नाही, त्यांना आमच्या मागणीत विचार कसा दिसावा, असे आम्ही आपसांत बोललो. उत्तराची भाषा कोरडी होती, हे आजही म्हणू. पण राग निवल्यावर तो अर्ज पुन्हा वाचला, तेव्हा एक गोष्ट मान्य करावी लागली. त्या दोन पानांत आमच्यावर काय गुजरले ते होते; त्यातून आम्हांला काय कळले, ते कुठेच नव्हते. सत्तर वर्षे दोन भाषांच्या सांध्यावर जगलेल्या समाजाला भाषेविषयी असे काही कळलेले असणारच, जे दिल्लीत किंवा मुंबईत बसून कळत नाही. ते आम्ही लिहिलेच नव्हते.

मग शोध सुरू झाला आणि तो आम्हांला घेऊन गेला कुपवाडला. सांगली-मिरजेला लागून असलेले हे गाव जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवले जाते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली कुपवाडच्या बोलींवर एक निबंध प्रसिद्ध केला. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होती. रोजच्या व्यवहारात तिन्ही भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली होती की, एका भाषेतील वाक्याच्या जागी दुसऱ्या भाषेतील शब्द क्रमाने ठेवत गेले, तरी वाक्य उभे राही. आपल्याकडचे साधे उदाहरण घ्या. मराठी बाई म्हणते, ‘भाकरी करून ठेव’. कन्नड शेजारीण म्हणते, ‘रोट्टी माडि इडु’. पलीकडच्या गल्लीत उर्दूत म्हणतात, ‘रोटी करके रख’. शब्द वेगळे, बांधणी तीच.

पण त्या निबंधातील खरा मुद्दा पुढे आहे. व्याकरण इतके एकत्र येऊनही भाषा एक झाली नाही. घरात ज्याने त्याने आपलीच भाषा राखली, कारण ती घराची ओळख होती. म्हणजे शेजाऱ्याची भाषा शिकण्यासाठी कोणालाही स्वतःची भाषा सोडावी लागली नाही आणि स्वतःची राखण्यासाठी शेजाऱ्याची नाकारावीही लागली नाही. हे कोणत्याही शासननिर्णयाने घडले नव्हते. बाजारात, शेतात आणि पाणवठ्यावर घडले होते.

आमच्या हाती विचार आला तो असा. सक्तीने दुसरी भाषा लादता येते, शिकवता येत नाही. घरची भाषा सुरक्षित असलेले मूलच शेजारची भाषा निर्भयपणे शिकते. दोनच वाक्ये. या दोन वाक्यांत आमची सारी लढाई आहे, पण तिचे नाव नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०क, जो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला, तोही त्यात आहे. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय प्रत्येक राज्याने करावी, असे तो सांगतो.

आणि इथेच आमची खरी परीक्षा झाली. आमच्यातील एका तरुण सहकाऱ्याने विचारले, हा विचार जत आणि अक्कलकोट तालुक्यांतील कन्नड मुलांनाही लागू करणार ना? बैठकीत क्षणभर शांतता पसरली. वर्षानुवर्षे आम्ही महाराष्ट्रातील कन्नड शाळांचा उल्लेख केला, तो केवळ ‘बघा, आम्ही त्यांना देतो, ते आम्हांला देत नाहीत’ असे म्हणण्यासाठी. त्या मुलांचा हक्क म्हणून कधी केला नव्हता. त्या दिवशी मागणी आणि विचार यांतला फरक आम्हांला उमगला. मागणी आपल्यापुरती खरी असली तरी चालते. विचार समोरच्यालाही तितकाच लागू पडावा लागतो; तो पडत नसेल, तर तो विचार नव्हे.

यावर काही जुन्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला आणि तो हलका नाही. मंच मिळावा म्हणून सीमाप्रश्नाचे नाव गाळायचे, हा हुतात्म्यांचा अवमान नव्हे काय? आमचे उत्तर नम्र पण स्पष्ट आहे. मागणीची जागा न्यायालयात, विधिमंडळात आणि रस्त्यावर आहे. तिथे ती आहे आणि राहील. तिच्यातील एक अक्षरही कमी करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण जो माणूस आपल्याला ओळखतच नाही, त्याच्यापुढे मागणी ठेवली तर तो फार तर सहानुभूतीने मान डोलावतो आणि विसरतो. त्याला विचार दिला, तर तो त्याच्या गावी नेतो, त्याच्या भाषेला लावून पाहतो. आपण कोठून आलो, हे मंचावर लपवायचे नाही. बेळगाव म्हणायचे, बेळगावच म्हणायचे. फक्त सभा जिंकण्याचा सूर घरी ठेवायचा.

आता तयारीविषयी. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले, तर अठरा मिनिटांत फार तर सव्वादोन हजार शब्द मावतात. आपल्या सभांतून प्रमुख पाहुण्यांचे आभार मानण्यातच त्यातले निम्मे जातात. तेव्हा प्रथम प्रस्तावना काढावी. मांडणीसाठी परक्या नमुन्याकडे पाहण्याची गरज नाही. आपले कीर्तन आहे. पूर्वरंगात एका अभंगाचे निरूपण, उत्तररंगात त्याच आशयाचे एक आख्यान आणि शेवटी पुन्हा त्याच अभंगावर येणे. कीर्तनकार एका संध्याकाळी दहा अभंग सोडवत नाही. एक विचार, एक आख्यान, एवढे अठरा मिनिटांना पुरे. आमच्या भाषणात आख्यान कुपवाडचे आहे. सीमाप्रश्नाचा समग्र इतिहास नाही.

भाषण कोणत्या भाषेत लिहावे, हा आमच्यासारख्यांना टाळता न येणारा प्रश्न आहे. आमचे मत असे की, बोलायचे इंग्रजीत असो वा हिंदीत, पहिला खर्डा मराठीतच व्हावा. इंग्रजीत थेट लिहिताना आम्ही नकळत वर्तमानपत्री शब्द वापरत होतो. मराठीत लिहिल्यावर आजीच्या तोंडची वाक्ये आली. टेडेक्सच्या मंचावर स्थानिक भाषेत बोलता येते आणि स्वयंसेवक अनुवादक भाषणांना उपशीर्षके जोडतात, हेही ध्यानात ठेवावे. संयोजक मराठीस तयार असतील, तर मराठीतच बोलावे.

या अनुवादाच्या खटाटोपात एक बारीक गोष्ट हाती लागली. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. हिंदीत किंवा इंग्रजीत हा भेद एका शब्दाने होत नाही. मराठीत तो द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. म्हणजे ज्या शेजाराशी आपण भांडतो, त्याच शेजाराने आपल्याला हा सुंदर भेद जपायला दिला असावा. आमचा पहिला अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘आम्ही’त होता. दुसऱ्या अर्जात सुरुवात ‘आम्ही’ने आहे, शेवट ‘आपण’ने.

हा दुसरा अर्ज आम्ही नुकताच धाडला आहे. दोन मिनिटांचे चित्रमुद्रणही सोबत दिले. ते गावच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या उजेडात, साध्या भ्रमणध्वनीवर केले. उत्तर यायचे आहे. नकारही येऊ शकेल. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतात. पण तयारी वाया गेलेली नाही. त्याच वाचनालयात आम्ही ते भाषण घड्याळ लावून केले. शेवटच्या बाकावर बसलेले एक कन्नडभाषक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले, ‘हे मला माझ्या लोकांनाही सांगायला आवडेल.’ आमच्या चळवळीच्या सभेत असे वाक्य आम्ही प्रथमच ऐकले.

म्हणून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवे आणि तंजावर येथील बांधवांना आमची विनंती आहे. तुमच्याही गाठीशी असे काही आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा मराठी शिलालेख आहे. तमिळ प्रदेशात ही भाषा इतकी वर्षे घराघरांत कशी राहिली, हे तिथल्या कुटुंबांखेरीज कोण सांगणार? बडोद्यात घरी मराठी आणि बाजारात गुजराती, गोव्यात बोलायला कोकणी आणि वाचायला मराठी, या जगण्यातून तुम्हांला काय कळले? ते दोन वाक्यांत लिहून पाहा. ती वाक्ये तुमच्या शेजाऱ्यालाही लागू पडतात का, ते त्यालाच विचारा. पडत असतील, तर अर्ज भरायला उशीर करू नका.