सहावीच्या गणिताचा विभाग दुसरा

भाऊबीज उरकली की लिंबागणेशच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडी, पीठ, गोधड्या, कोंबड्या, पाण्याचे ड्रम, वर माणसं. मागे एकदा अशाच गडबडीत शेजारच्या मावशींनी मला हाक मारली. त्यांच्या एका हातात पोरीचं पाचवीचं गणिताचं पुस्तक होतं, दुसऱ्या हातात सहावीचं. खाली पडलेलं एक जाडजूड गाईड आणि अबॅकसच्या क्लासची रंगीत वही.

"भाऊ, तू शिकलेला हायस. ह्यातलं कोणतं नेऊ? समदं न्यायला जागा नाय. तिकडं शाळा हाय का नाय, ते बी ठाव नाय."

मी म्हणालो, "मावशी, सहावीचं न्या. ती सहावीत आहे ना?"

हे उत्तर चुकीचं होतं. कसं चुकीचं होतं ते कळायला मला बराच वेळ लागला. हा लेख त्याबद्दल आहे. आणि त्या चुकीत मी एकटा नाही, शिक्षण खात्यापासून क्लासवाल्यांपर्यंत सगळे आहेत, हे सांगण्यासाठीही आहे.

होमस्कूलिंग कुणाचं?

पुण्या-मुंबईत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक आहेत. प्राथमिकचं गणित संपलं की त्यांच्यासमोर प्रश्न येतो: आता पुढे कोणता अभ्यासक्रम? सिंगापूर मॅथ घ्यायचं, एनसीईआरटी धरायचं, की खान अकॅडमीवर सोडायचं? यात हसण्यासारखं काही नाही. मूल कुठे अडतंय हे बघून पुस्तक निवडणं ही चांगलीच गोष्ट आहे.

पण एक हिशेब करून बघा. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर जे मूल जातं, ते दिवाळीनंतर निघतं आणि मार्च-एप्रिलमध्ये परततं. म्हणजे जवळजवळ सहा महिने त्याची शाळा म्हणजे फडाजवळची कोपी. कुणी ठरवून केलेलं नसलं तरी हेही घरीच शिकणं आहे. फरक इतकाच, की पुण्याच्या आईसमोर पाच अभ्यासक्रम असतात आणि फडावरच्या आईसमोर एकही नसतो. तिला कुणी विचारतच नाही. मावशींनी विचारलं, तर माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने काही न बघता उत्तर दिलं.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. स्थलांतरित मुलाबरोबर जाणारं शिक्षण हमी पत्रक आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची. मूल गावात राहून शिकलं तर उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण या सगळ्या योजना मूल कुठे झोपेल आणि त्याची हजेरी कुठे लागेल याचा विचार करतात. ते काय शिकेल, कोणत्या क्रमाने शिकेल, याचा विचार कोण करतं?

अनुक्रमणिका उघडून बघा

बालभारतीचं सहावीचं गणिताचं पुस्तक, २०१६ मध्ये बदललेलं, मोबाईलवर फुकट मिळतं. ते उघडा आणि फक्त अनुक्रमणिका वाचा.

विभाग पहिला: भूमितीतील मूलभूत संबोध, कोन, पूर्णांक संख्या, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक, स्तंभालेख, सममिती, विभाज्यता, मसावि-लसावि.

विभाग दुसरा: समीकरणे, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज, मग त्रिकोण, चौकोन, भौमितिक रचना, त्रिमितीय आकार.

पहिला विभाग दिवाळीच्या आधीचा, दुसरा नंतरचा. आता ट्रॅक्टर कधी निघतो ते आठवा. गुणोत्तर, शेकडेवारी आणि व्याज हे धडे वर्गात चालू असतात तेव्हा हे मूल फडावर असतं.

सातवीत तेच. सम प्रमाण व व्यस्त प्रमाण आणि बँक व सरळव्याज, दोन्ही दुसऱ्या विभागात. पाचवीत दशांश अपूर्णांक, कालमापन, परिमिती आणि क्षेत्रफळ दुसऱ्या विभागात. म्हणजे लागोपाठ तीन वर्षं मुलाच्या हातून सुटतो तो दशांश, टक्का, प्रमाण आणि व्याज. हा काही कुणी रचलेला कट नाही. ज्यांनी क्रम लावला त्यांच्या डोळ्यांसमोर जूनपासून एप्रिलपर्यंत एकाच बाकावर बसणारं मूल होतं, एवढंच.

सुटतं ते नेमकं काय?

कारखान्याच्या काट्यावरची वजनाची पावती घ्या. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. आकडा टनात असतो आणि दशांश चिन्हानंतर तीन अंक असतात, म्हणजे किलोपर्यंतचा हिशेब. ज्या मुलीला ०.५ पेक्षा ०.४५ मोठं वाटतं (कारण पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे), तिला ही पावती वाचता येणार नाही. पाचवीचा विभाग दुसरा.

आता व्याज. गावात कुणी 'शेकडा तीन'ने पैसे दिले की त्याचा अर्थ महिन्याला शंभरावर तीन रुपये. पुस्तकात असतं द.सा.द.शे., म्हणजे दर साल. शेकडा तीन म्हणजे द.सा.द.शे. ३६. वीस हजार सहा महिन्यांसाठी घेतले तर या दराने व्याज ३,६०० रुपये. बँकेचा दर १२ धरला, तर तेवढ्याच पैशाला तेवढ्याच मुदतीत १,२०० रुपये. 'तीन' हा आकडा 'बारा'पेक्षा लहान दिसतो, म्हणून स्वस्त वाटतो. सहावीचा विभाग दुसरा.

आणि उचल. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. टनाला ३०० रुपये होते, ते ४०२ झाले. एक कोयता, म्हणजे नवरा-बायको, दिवसाला दोन टन तोडतात. उचल एक लाख. जुन्या दराने दिवसाचे ६०० रुपये, उचल फिटायला १६७ दिवस. नव्या दराने ८०४ रुपये, १२५ दिवस. दर ३४ टक्के वाढला, पण दिवस ३४ टक्के कमी झाले नाहीत, साधारण पाव हिश्शाने कमी झाले. का? याचं उत्तर म्हणजे व्यस्त प्रमाण. सातवीचा विभाग दुसरा. यात अजून खाडे धरलेले नाहीत, मुकादमाचं कमिशन धरलेलं नाही, किराण्याची उधारी धरलेली नाही. ते सगळं मुकादमाच्या वहीत असतं. ती वही तपासू शकेल असं घरात एकच माणूस तयार होऊ शकतं, ती सहावीतली पोरगी. आणि तिच्याकडून आपण बरोबर तेवढेच धडे काढून घेतो.

"तिथेच शिकतात की व्यवहार"

इथे एक लाडका युक्तिवाद येतो. शहरातले संवेदनशील लोक तो जास्त करतात. म्हणे ही मुलं अनुभवातूनच गणित शिकतात, मोळ्या मोजतात, वाढं विकतात, त्यांना पुस्तकाची काय गरज?

हा युक्तिवाद मला चीड आणतो. मोळ्या मोजून मोजणी येते. मोजणीतून प्रमाण आपोआप येत नाही. तसं असतं तर वीस-वीस हंगाम केलेल्या माणसांची उचल कधीच अंगावर राहिली नसती. अनुभव प्रश्न देतो. तो सोडवायची रीत कुणीतरी शिकवावी लागते. स्वतःच्या मुलाला ऑलिम्पियाडच्या क्लासला घालणाऱ्याने दुसऱ्याच्या मुलाला 'अनुभवाची शाळा' पुरते म्हणू नये. आणि फडावर मोळ्या मोजणारं मूल हे गोड चित्र नाही. ती बालमजुरी आहे.

विकत मिळणारी उत्तरं

दुसऱ्या बाजूला बाजार आहे. अबॅकस, वैदिक गणित, फाउंडेशन कोर्स. मावशींच्या हातातल्या त्या रंगीत वहीसाठी कुणाची तरी मजुरी गेली होती. अबॅकसने बेरीज झटपट होत असेल, पण तीन चतुर्थांश मोठा की दोन तृतीयांश, आणि का, हे त्यात येत नाही. प्राथमिकनंतर मूल अडतं ते वेगाने हिशेब होत नाही म्हणून नव्हे. आतापर्यंत संख्या म्हणजे वस्तूंची मोजणी होती, आता संख्या म्हणजे दोन गोष्टींमधलं नातं होतं, आणि तिथे त्याचा पाय घसरतो.

तिसरी हौस सेमीची. गावोगावच्या शाळांत गणित-विज्ञान इंग्रजीतून. इंग्रजी यावी, जरूर यावी. पण मुद्दल, व्याज, शेकडा, नफा, तोटा हे शब्द मराठी घरात रोज बोलले जातात. आईला 'मुद्दल' कळतं. 'प्रिन्सिपल' म्हटलं की तिला शाळेतले मोठे सर आठवतात. घरात अर्धं शिकवून झालेलं गणित आपण परक्या शब्दांत नेऊन ठेवतो, म्हणजे आई-बाप रात्री कोपीत पोरीला जी थोडी मदत करू शकले असते तीही बंद. आणि गावची शाळा सेमी, फडाजवळची मराठी, पुढच्या वर्षी टोळी कर्नाटकात गेली तर कानडी. त्या मुलीने छेद कशाला म्हणायचं?

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' आलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र बालभारतीवर तुटून पडला. मंगला नारळीकरांसारख्या गणिताला आयुष्य दिलेल्या बाईंची टिंगल झाली. विनोद आले, मीम आले, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणिताच्या पुस्तकावर एवढं बोलणं आपल्याला जमतं, हे तेव्हा कळलं. मग त्याच पुस्तकांतले निम्मे धडे लाखोंच्या जिल्ह्यातली मुलं दर वर्षी चुकवतात, यावर एखादं मीम का नाही?

मग कोणतं पुस्तक?

पहिली गोष्ट: इयत्ता बघू नका, पायरी बघा. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. त्यांना आठवीचं पुस्तक देणं म्हणजे पहिला मजला नसताना तिसऱ्याची चावी देणं. मुलांचे गट वयाने न करता त्यांना काय येतं त्यावरून करायचे, हे काम 'प्रथम'ने मुंबईत आणि बडोद्यात केलं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी ते तपासून बघितलं, आणि मुलं खरोखर पुढे सरकली. हे काही गुपित राहिलेलं नाही.

पायरी बघायला तीन प्रश्न पुरतात. ४३७ मोळ्या सहा जणांत वाटल्या तर प्रत्येकी किती, आणि उरलेल्या पाचांचं काय करायचं? ३/४ मोठा की २/३, चित्र काढून दाखव. ०.५ मोठा की ०.४५? पहिला अडला तर चौथीकडे जा. दुसरा किंवा तिसरा अडला तर पाचवी. तिन्ही आले तरच सहावी उघडा. मावशींच्या पोरीला मी हे विचारलंच नव्हतं. एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा विचारलं. दुसऱ्यावर ती गप्प झाली. सहावीचं पुस्तक कोरं करकरीत परत आलं होतं. तिला पाचवीचं हवं होतं.

दुसरी गोष्ट: क्रम बदला. अपूर्णांक आणि दशांश आल्याशिवाय गुणोत्तर येत नाही, हे खरं. म्हणून जूनमध्ये भूमितीने सुरुवात न करता आधी अपूर्णांकांवरील क्रिया, मग दशांश, मग गुणोत्तर, शेकडेवारी, सरळव्याज. हे दिवाळीच्या आत बसवा. कोन, सममिती, स्तंभालेख, रचना मागे ठेवा. कंपासपेटी, पट्टी आणि वही घेऊन ते धडे कोपीतही थोडेफार होतात, नाहीतर परतल्यावर होतात. ज्या शाळेतला निम्मा वर्ग दिवाळीनंतर रिकामा होतो तिथे पुस्तकाच्या क्रमाला चिकटून राहण्याला काय अर्थ आहे? खात्याने एक साधं परिपत्रक काढून ऊसतोडीच्या तालुक्यांतल्या शिक्षकांना हे करायला सांगावं. त्याला नवी इमारत लागत नाही, टेंडर लागत नाही. आता तर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत नापास करण्याचा नियमही आला आहे. जे शिकवलंच नाही त्यात नापास करायचं असेल, तर आधी शिकवण्याचा क्रम तरी सुधारा.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे हे फोनवर वाचणाऱ्यांसाठी. पुस्तक फुकट आहे, धड्यांवरचे क्यूआर कोड आहेत, मराठीतले व्हिडिओ आहेत. नाही ते शेजारी बसून 'कसं काय?' असं विचारणारं माणूस. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत साधारण वीस दिवस असतात. बीडला, संभाजीनगरला, पुण्याला शिकणारी आपल्यातली निम्मी पोरं त्यातले काही दिवस गावी असतात. एका घरी एक तास बसा. तीन प्रश्न विचारा आणि पायरी ठरवा. निघायच्या आधी वहीत रोजची दोन गणितं लिहून द्या, हंगामभर पुरतील इतकी. त्यांच्याच पावतीवरची, त्यांच्याच उचलीवरची. आठवड्यातून एकदा फोन करून उत्तरं विचारा. रेंज नसेल तर पुढच्या आठवड्यात.

एवढ्याने ऊसतोड संपणार नाही, मला माहीत आहे. पण सहावीत गणित सुटलेली पोरगी सातवीत वर्गात मागे बसते, आठवीत येईनाशी होते, आणि मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

पुढच्या दिवाळीत मावशी परत विचारतील. या वेळी मी आधी पोरीला तीन प्रश्न विचारणार आहे.