कट्यारीची चिठ्ठी



दसऱ्याला सोनं द्यायला तुम्ही घरोघरी जाता ना? त्या दिवशी एखाद्या जुन्या घरात देवापुढे एक लहानसं हत्यार मांडलेलं दिसतं. गंजलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. "हे काय आहे?" असं विचारलं, की उत्तर मिळतं, "पणजोबांचा खंजीर." मग पुढचा प्रश्न विचारा बरं, "त्यांना तो कुणी दिला?" इथे बहुतेक सगळे गप्प होतात!

ही हत्यारं नीट बघण्यासारखी असतात. कट्यारीची मूठ सगळ्यांत वेगळी. दोन समांतर दांड्या आणि त्यांच्यामध्ये आडवा गज. गज मुठीत धरला, की पातं सरळ बोटांच्या पुढे येतं आणि ठोसा मारावा तसा वार होतो. बिचवा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो. काही कट्यारी तर लढाईपेक्षा मानासाठीच असत. मखमली म्यान, मुठीवर सोन्याची नक्षी! आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं 'कट्यार काळजात घुसली' हे 1967 सालचं नाटक अशाच एका मानाच्या कट्यारीभोवती फिरतं.

अशा वस्तू जपायच्या कशा? पुण्याच्या दिनकर केळकरांचं उदाहरण बघा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं, शस्त्रं अशा हजारो वस्तू जमवल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं आणि पुढे तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वस्तू कपाटात कुलूपबंद राहिली नाही, ती तुमची-आमची झाली.

पण नुसती वस्तू सांभाळून भागत नाही. 2024 साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली आणि 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या अजब बंगल्यातही ती ठेवली होती. ती इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्याकडे होती. ती शिवरायांची असल्याचं त्यांच्या पेटीवर लिहिलेलं आहे. तरीही 1659 साली अफझलखानाच्या भेटीत वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. कारण त्या भेटीपासून ग्रँट डफपर्यंत दीडशेहून अधिक वर्षं गेली. मधल्या काळात ती कुणाकडे होती, याची नोंदच नाही. एवढ्या मोठ्या वस्तूची ही गत, तर आपल्या माळ्यावरच्या खंजिराची काय कथा?

म्हणून एक काम करा. पातं स्वतः म्यानातून काढू नका, ते अजूनही धारदार असू शकतं. मोठ्यांना सोबत घ्या. पॉलिशपेपरने घासू तर मुळीच नका! काही पोलादी पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. घासलं की ती पुसट होते आणि सोन्याची बारीक तार निघून येते. मग आजीजवळ बसा आणि विचारा. वस्तू कुणाची, कुठून आली, कुणी कुणाला दिली? आजीच्याच शब्दांत एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला. आजीला नक्की माहीत नसेल, तर "असं म्हणतात" असंच लिहा. तो कागद वस्तूजवळ ठेवा.

आता पालकांसाठी दोन शब्द. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती परस्पर परदेशी पाठवता येत नाही. विहीर खणताना काही सापडलं, तर तहसील कचेरीत कळवावं. आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी मुलांना एकदा विचारू द्यावं. लोखंड किलोवर जातं, पण त्यासोबत पणजोबांची गोष्टही जाते. ती पुन्हा विकत मिळत नाही.

तर मग मुलांनो, यंदाच्या दसऱ्याला "कुणी दिला?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरी तयार असेल ना?