मोजपट्टी कोणाच्या मापाची?

लठ्ठपणा म्हणजे खात्यापित्या घरचे दुखणे, असा आपल्याकडे एक समज आहे. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचे नाव निघाले की लोकांना नट-नट्या आणि बडी मंडळी आठवतात. परंतु समाजमंदिरात दर रविवारी अर्ज-कागद भरून देण्याचे जे काम आम्ही करतो, तेथे मेडिक्लेम नाकारल्याची पत्रे घेऊन कोण येते? रात्रपाळीचा वॉचमन, सफाई खात्यातील भगिनी, नाहीतर आमच्यासारखाच खुर्चीला जखडलेला कारकून. वडापाव, रेशनचा तांदूळ आणि मोडलेली झोप यांनी चढलेल्या वजनाला कोणी श्रीमंती म्हणत असेल तर म्हणोत बापडे.

अशाच एका भगिनीचे पत्र आमच्या हाती आले. उंची पाच फूट, वजन ७८ किलो. गोळ्या झाल्या, इन्सुलिन झाले, तरी साखर आटोक्यात नाही. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली. पोटाला चिमटा काढून हप्ते भरलेल्या पॉलिसीच्या कंपनीने कळवले की, बीएमआय पुरेसा नाही, सबब खर्च देता येत नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, आकड्यांना भीत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बीएमआय काढणे सोपे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागायचे. या बाईंचा आकडा आला ३३.६. आता नियम पाहा. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ साली पॉलिसीत काय वगळता येईल याची ठरीव कलमे केली. त्यातले कोड ०६ लठ्ठपणाचे. वय १८ पूर्ण हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा, आणि बीएमआय ४० किंवा अधिक हवा. ३५ च्या वर असेल तर सोबत चारांपैकी एक आजार हवा : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. शिवाय साधे उपाय करून ते फसलेले असावेत. गुडघे गेले, जिना चढवत नाही, हे त्या यादीत नाही. यापूर्वी बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणाचा उपचार सरसकट वगळलेला असे, त्यामानाने ही सुधारणाच, हे मान्य केले पाहिजे.

पण हिशेब काय सांगतो? पाच फूट उंचीला ३५ चा आकडा गाठायला सव्वाएक्याऐंशी किलो वजन लागते. म्हणजे कंपनीचे म्हणणे असे झाले की, बाई, अजून सव्वातीन किलो वाढवून या, मग बघू!

हे ४० आणि ३५ आले कोठून? १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली, तिने हे आकडे दिले. अमेरिकन माणसाच्या अंगापिंडाचे ते माप. आपले अंग तसे आहे काय? २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, असा आपला भारतीय देह आहे. म्हणूनच कमी वजनातही मधुमेह आपल्याला गाठतो.

भारतीय तज्ज्ञांनी २००९ सालीच आपल्यासाठी वेगळे माप सांगितले : सोबत आजार असेल तर ३२.५, नसेल तर ३७.५. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणारी 'नाइस' ही संस्थाही दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी मर्यादा अडीच अंकांनी खाली धरायला सांगते. अमेरिकेतील सर्जनांच्या संघटनेने जागतिक संघटनेसह २०२२ साली जुने आकडे सोडून दिले आणि आशियाई लोकांना २७.५ पासून शस्त्रक्रिया सुचवता येईल, असे म्हटले. ज्यांचे माप आपण उसने घेतले त्यांनीच ते टाकले, आणि आपण मात्र ते जपून ठेवले आहे. लंडनला राहणाऱ्या आपल्या माणसाला जी सवलत, ती नायगावच्या चाळीत नाही.

कोणी म्हणेल, उपाशी पोरांच्या देशात हे लाड कशाला? आम्ही म्हणतो, मधुमेहाने मूत्रपिंडे गेल्यावर डायलिसिसचा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून होतोच ना? शेवटी पैसा देणार तो आधी दिला तर काय बिघडते? अर्थात ऑपरेशन हा काही जादूचा मंत्र नव्हे. आधी आहार, चालणे, औषधे. ऑपरेशननंतरही जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्या लागतात, आणि तो खर्च बहुधा खिशातूनच जातो. घरच्यांनी हे आधी समजून घ्यावे.

या भगिनीचा प्रश्न कंपनीशी भांडून सुटणारा नाही, कारण कलमच तसे आहे. ते बदलायला कर्मचारी संघटनांनी आयआरडीएआयकडे निवेदने दिली पाहिजेत. महागाई भत्त्यावर मोर्चे काढणाऱ्या आमच्या युनियनला याची अजून गंधवार्ता नाही. मात्र ज्यांचा बीएमआय ३५ च्या वर आहे, मधुमेह आटोक्यात नाही, आणि तरीही 'सौंदर्याचे ऑपरेशन' म्हणून क्लेम फेटाळला आहे, त्यांनी गप्प बसू नये. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पण मुदत वर्षाची आहे. केंद्र सरकारी नोकरांनी सीजीएचएसची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय दाखल होऊ नये.

कागद मात्र आजपासून जपा. तारखेसह वजनाच्या नोंदी, साखरेचे तीन महिन्यांचे रिपोर्ट, आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, कारण साधे उपाय फसले हे तुम्हालाच दाखवावे लागते. रविवारी आमच्याकडे येताना पॉलिसीची पूर्ण पुस्तिका आणावी, नुसते कार्ड नको.