मेल येतो, पण जात नाही

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते आणि विवरणपत्रं थंडरबर्ड या मेल-प्रोग्राममधून पाठवते. बाजारपेठेतल्या फुकट वाय-फायवर मेल धडाधड येतात; पाठवलेले मात्र आउटबॉक्समध्येच रुतून बसतात. कारण हॉटस्पॉटचे चालक मेल बाहेर जाण्याची दारं, म्हणजे पोर्ट, बंद ठेवतात. त्यातलं पोर्ट २५ बंद ठेवतात, याबद्दल माझी तक्रार नाही. ते उघडं असेल तर कुणीही उपटसुंभ हजारो स्पॅम सोडेल आणि काळ्या यादीत जाईल हॉटस्पॉटचा पत्ता, म्हणजे आपण सगळेच. पण मेल सुपूर्द करायला ५८७ हे वेगळं पोर्ट १९९८ मध्येच ठरलं. २०१८ पासून ४६५ ची शिफारस आहे; तिथला संवाद पहिल्या अक्षरापासून कूटबद्ध असतो. मग ही दारंही बंद का? ‘आमच्याच सर्व्हरवरून पाठवा’ हा चालकांचा तोडगा तर नकोच! माझ्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत, म्हणजे त्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरच्या यादीत, तो सर्व्हर नसतो, त्यामुळे पलीकडे मेल संशयित ठरतो. (ब्राउझरमध्ये जीमेल उघडणाऱ्यांना यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून कुणी बोलत नाही.)

२०२० च्या पीएम-वाणी योजनेमुळे चहाची टपरीही आता हॉटस्पॉट चालवू शकते. चालकांनो, २५ खुशाल बंद ठेवा. ५८७ आणि ४६५ उघडा, आणि वाय-फायला जोडताना येणाऱ्या ओटीपीच्या पानावर तसं मराठीत लिहा.