थायरॉइड आहे, पण कोणता?

‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य आता घरोघरी ऐकू येते. खरे तर थायरॉइड सगळ्यांनाच असतो. कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखराच्या आकाराची, जेमतेम 20 ते 25 ग्रॅमची ती ग्रंथी. सांगणाऱ्याला म्हणायचे असते ते हे, की ती मंदावली आहे: वजन वाढते, अंग जड वाटते, सकाळी अनशापोटी गोळी घ्यावी लागते. हाच प्रकार जास्त आढळतो, म्हणून त्याच्या नेमका उलटा असलेला आजार आपल्या बोलण्यातच येत नाही. त्याची किंमत रुग्णांना, त्यातही स्त्रियांना, मोजावी लागते.

पस्तिशीतली एक गृहिणी डोळ्यांपुढे आणा. सहा महिन्यांत हातातल्या बांगड्या सैल झाल्या आहेत. भूक उलट वाढली आहे, पण खाल्लेले अंगी लागत नाही. पाहुण्यांपुढे चहा ठेवताना बशीवर कप वाजतो. थंडीतही तिला पंखा हवा असतो, रात्री छातीतली धडधड कानात ऐकू येते, जिना चढताना मांड्यांत बळच उरत नाही. शौचाला वारंवार जावे लागते, पाळी पुढे-मागे होते. शेजारीण म्हणते, बारीक झालीस, छान दिसतेस. घरचे म्हणतात, फार टेन्शन घेतेस, उगाच चिडतेस. हीच बाई अठ्ठेचाळीसची असती, तर पाळी जाण्याच्या दिवसांवर सारे ढकलले गेले असते. यातले प्रत्येक स्पष्टीकरण सुटेसुटे पाहिले तर पटते, म्हणूनच आजार लपून राहतो. स्वभाव बदलला असे वाटते, तेव्हा शरीरात काय बदलले आहे हे आधी पाहायला हवे.

थायरॉइडवर एरवी लगाम असतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक पाठवून थायरॉइडकडून हवे तेवढेच काम करून घेते. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये ज्याचे वर्णन केले, त्या ग्रेव्हज आजारात शरीराची प्रतिकारशक्ती टीएसएचची नक्कल करणारी प्रतिपिंडे तयार करते. पिट्यूटरी टीएसएच जवळजवळ बंद करते, तरी थायरॉइड थांबत नाही. म्हणून अहवालात टी3, टी4 ही थायरॉइडची संप्रेरके वाढलेली आणि टीएसएच अगदी खाली दिसते. टीएसएचचा तो आकडा पाहून ‘थायरॉइड कमी आहे’ असा उलटा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात, आणि मग घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी सुरू करण्यापर्यंत मजल जाते. आगीत तेल ओतणेच ते.

डोळे बटबटीत होणे ही ग्रेव्हजची खूण. धूम्रपानाने ती बळावते. उतारवयात मात्र बऱ्याचदा ना कंप दिसतो ना चिडचिड. बिघडतो तो हृदयाचा ठोका. 1991 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना धावताना दम लागला, ठोके अनियमित निघाले, आणि तपासणीत ग्रेव्हज सापडला.

पण प्रत्येक वेळी कारण ग्रेव्हजच असते असे नाही. कधी ग्रंथीतली एखादी गाठच लगाम झुगारून संप्रेरक बनवू लागते. कधी बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या संसर्गानंतर ग्रंथीला सूज येते आणि साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते. हा प्रकार बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. संप्रेरक कमी बनवणाऱ्या गोळ्या त्यात निरुपयोगी असतात, कारण ते नव्याने बनतच नसते. म्हणून ‘जास्त आहे’ एवढ्यावर उपचार सुरू करू नयेत. कशामुळे जास्त आहे, हे प्रतिपिंडांच्या चाचणीने किंवा स्कॅनने ठरवावे. बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यांच्यामुळे अहवाल खोटा येऊ शकतो.

उपचार तीन: गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन, शस्त्रक्रिया. आयोडीनच्या नावाने लोक दचकतात, पण जगभर 1940 च्या दशकापासून ते दिले जात आहे. त्यानंतर ग्रंथी बहुधा मंदावते आणि रोजची गोळी लागते, हे मात्र रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. गरोदरपणात ते देत नाहीत.

संप्रेरक कमी करणारी कार्बिमॅझोल ही गोळी घेणाऱ्यांनी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी. क्वचित या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. ताप आला, घसा दुखू लागला, तर साधी सर्दी समजून काढा पीत बसू नये. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि रक्त तपासावे.